घरच्या हुनराची छोटी पुस्तिका : मोबाइलवरून हलाल कमाई

प्रत्येक मोहल्ल्यात एखादी खाला अशी असते, जिला सगळे विचारतात. शादीच्या घरी शंभर माणसांच्या बिर्याणीला तांदूळ किती भिजवायचा, अबायाच्या गळ्याला उरेब पट्टी कशी लावायची, थंडीत सांदणाचे पीठ का फुगत नाही, दहावीच्या मुलीचे उर्दू अक्षर कसे सुधारायचे. ती चुलीपाशी उभी राहून, फोन खांद्याने कानाशी धरून उत्तर देते. त्याचे पैसे कोणी देत नाही आणि तीही मागत नाही. ते बरोबरच आहे. शेजारणीच्या प्रश्नाला बिल लावणे आपल्या घरांत शिकवलेले नाही. पण तेच उत्तर नीट मापांसह, पायरीपायरीने, फोटो काढून लिहिले, पंधरा-वीस पानांची पुस्तिका तयार केली आणि ती दूरच्या अनोळखी गिऱ्हाइकाला ९९ रुपयांना मोबाइलवर पाठवली, तर ती तिजारत झाली. हल्ली अशा छोट्या डिजिटल पुस्तिका, तक्ते आणि नमुने विकून बऱ्याच घरांत थोडीफार आवक सुरू झाली आहे. कागद नाही, छपाई नाही, दुकानाचे भाडे नाही. एकदा तयार केलेली फाइल दहा जणांना विकली काय नि हजार जणांना विकली काय, माल संपत नाही.

कल्पना नवी वाटते, तरी मुळात ती जुनीच आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि मराठी घराघरांत पोहोचले. त्यातली मापे वाटी-चमच्याची होती, म्हणजे सामान्य बाईच्या हाताशी असणारी. स्वयंपाकघरातल्या ज्ञानाला बाजारात किंमत असते हे तेव्हाच सिद्ध झाले होते. फरक एवढाच की तेव्हा प्रकाशक हवा होता, आता एक मोबाइल आणि थोडी चिकाटी पुरते.

मग अडचण कुठे आहे? अडचण मालाच्या स्वरूपातच आहे. भाजीवाल्याकडचे टोमॅटो आपण दाबून पाहतो. कापडाचा पन्ना उलगडून, बोटांत चोळून घेतो. फाइलचे तसे नाही. पैसे आधी, उघडून पाहणे नंतर. आत काय आहे हे फक्त विकणारीला ठाऊक असते. या धंद्यात जेवढी फसवणूक चालते ती सगळी याच फटीतून शिरते, आणि या धंद्याची बरकतही याच जागी ठरते.

पैगंबर मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. सहीह मुस्लिममधली ही हदीस बहुतेकांना माहीत आहे. डिजिटल पुस्तिका विकणाऱ्या प्रत्येकीने ती पुन्हा एकदा वाचावी, कारण फाइल म्हणजे अशीच रास आहे. वरचे मुखपृष्ठ कोरडे आणि चकचकीत असते. हात घालायची सोय मात्र गिऱ्हाइकाला नसते.

फिकहमध्ये या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. हनफी मसलकात ‘खियारे रुयत’ नावाचा हक्क आहे : वस्तू न पाहता घेतली असेल, तर पाहिल्यावर ती ठेवायची की सौदा मोडायचा हे खरेदीदार ठरवतो. कोकणातले आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. त्या मसलकाच्या प्रचलित मतात तर न पाहिलेल्या वस्तूचा सौदा ग्राह्यच धरत नाहीत; मात्र धान्याच्या राशीसारखा माल असेल, थोडा भाग पाहून बाकीचा कळत असेल, तर तेवढे पाहणे पुरते. पीडीएफ फाइलला हे नियम नेमके कसे लावायचे ते आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण दोन गोष्टी सरळ हाती लागतात. एक म्हणजे विकण्याआधी नमुना दाखवावा. दुसरी म्हणजे आवडली नाही तर पैसे परत देण्याची तयारी ठेवावी.

नमुन्याबद्दल माझे मत जरा कडक आहे. बहुतेक विक्रेते आपले सर्वात देखणे पान नमुना म्हणून दाखवतात. म्हणजे पुन्हा कोरडे धान्य वर. नमुना म्हणून मधले कोणतेही साधे पान द्यावे, आणि सोबत पूर्ण अनुक्रमणिका, पानांची संख्या, फोटो किती आहेत, भाषा कोणती, कोणाला उपयोगी आणि कोणाला नाही, हे सगळे लिहावे. ‘ज्यांना शिलाई मशीन चालवता येत नाही त्यांनी ही पुस्तिका घेऊ नये’ असे एक वाक्य लिहिले तर चार गिऱ्हाइके कमी होतील. जी घेतील ती पुढच्या पुस्तिकेसाठी परत येतील.

विकायचे काय?

इथे बहुतेक जणी मोठे काहीतरी शोधत बसतात. ‘संपूर्ण पाककला’, ‘संपूर्ण टेलरिंग’. ते नको. छोटा, नेमका प्रश्न घ्यावा. तीन वेगवेगळ्या माणसांनी तुम्हाला एकच गोष्ट विचारली असेल तर तिथे एक पुस्तिका दडलेली आहे असे समजावे.

अबायाचे उदाहरण घेऊ. त्याचा पूर्ण मापाचा पॅटर्न पीडीएफमध्ये देता येतो. तो अनेक ए-फोर कागदांवर छापून, कडा जुळवून चिकटवायचा असतो. पण छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की प्रिंट थोडी लहान निघते आणि सगळा अबाया छातीत आवळतो. म्हणून असे पॅटर्न विकणारे अनुभवी लोक पहिल्याच पानावर ५ सेंटिमीटरचा एक चौकोन देतात. छापल्यावर तो आधी पट्टीने मोजायचा. बरोबर ५ भरला तरच पुढची पाने छापायची. गिऱ्हाइकाचे कापड वाचवणारा हा चौकोन म्हणजे माहितीला किंमत का येते याचे चांगले उदाहरण आहे. आकृत्या इंटरनेटवर ढिगाने फुकट मिळतात. कुठे चुकेल हे आधी सांगणारे फार थोडे असतात.

दुसरे उदाहरण जकातीच्या हिशोबाच्या तक्त्याचे. रमजान जवळ आला की घरोघरी वही-पेन निघते. सोन्याचा निसाब साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम, चांदीचा साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, दर अडीच टक्के. एवढे बहुतेकांना माहीत असते. घोळ पुढे होतो. रोख, बँकेतली शिल्लक, दुकानातला विक्रीचा माल, उसने दिलेले पैसे, देणी. भाव रोज बदलतो, म्हणून तक्त्यात भावाचा रकाना मोकळा ठेवून वापरणाऱ्याला भरू द्यावा. कोणी हिजरी वर्षाऐवजी इंग्रजी वर्षाने हिशोब ठेवत असेल तर ते वर्ष साधारण अकरा दिवसांनी मोठे असते, त्यामुळे दरही अडीच टक्क्यांहून किंचित वर, २.५७७ च्या आसपास धरतात. आणि अंगावरच्या वापरातल्या दागिन्यांवर हनफी मसलकात जकात आहे, शाफई मसलकाच्या प्रचलित मतात नाही. तक्ता कोणत्या मसलकाप्रमाणे केला आहे हे मुखपृष्ठावरच लिहिले पाहिजे. मिरजेचे गिऱ्हाईक आणि श्रीवर्धनचे गिऱ्हाईक यांचे उत्तर वेगळे येऊ शकते. असा तक्ता आलिमांकडून तपासून घेतल्याशिवाय विकू नये.

मेंदीचे डिझाइन, इफ्तारीच्या महिन्याभराच्या बेताचा आणि किराण्याचा तक्ता, लहान मुलांना उर्दू अक्षरे गिरवायची पाने, कुंडीतल्या भाज्या, पाचवीच्या गणिताचा सराव, हजला निघणाऱ्या बुजुर्गांच्या सामानाची यादी. सुचत जाईल तेवढे कमी. एकाच गोष्टीपासून मात्र दूर राहावे. ‘या वजीफ्याने हमखास नोकरी’ अशा फाइली विकण्याचे पेव फुटले आहे. दुआ मागणे बंद्याचे काम, कबूल करणे अल्लाहचे; त्याची हमी देऊन १४९ रुपये घेणारा नेमके काय विकतो आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

तयार कशी करायची?

गुगल डॉक्समध्ये युनिकोड मराठीत लिहून पीडीएफ करता येते, पैसे लागत नाहीत. वाचणारी ती मोबाइलवर वाचणार आहे, म्हणून पान ए-फोर न ठेवता ए-फाइव्ह ठेवावे, अक्षर मोठे, ओळी सुट्या. फॉन्ट कुठून तरी उचललेला नको. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देखणे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि विक्रीच्या कामासाठी वापरण्याची त्यांना परवानगी आहे. फोटो स्वतःच्या मोबाइलने, खिडकीच्या उजेडात काढावेत. चेहरा दाखवण्याची गरजच नाही. हात, कापड, भांडे एवढेच दिसले तरी काम होते, आणि ज्या घरांत पडद्याचा आग्रह आहे तिथेही कोणाची हरकत उरत नाही. धंद्यासाठी वेगळा नंबर घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस ठेवले की घरच्या फोनवर रात्री-अपरात्री अनोळखी माणसे येत नाहीत.

लिहून झाल्यावर पुस्तिका अशा एकीला द्यावी जिला त्यातले काही येत नाही. शेजारी बसावे, पण बोलू नये. ती जिथे अडेल तिथे लिखाण कच्चे आहे.

पैसे घेण्याचा सर्वात सोपा रस्ता यूपीआय. दोन गोष्टी मात्र गाठीला बांधून ठेवाव्यात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करा, पिन टाका असे कोणी सांगितले की तो भामटा समजावा. आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच फाइल पाठवावी. विक्री वाढली की पेमेंट गेटवे घेता येतो. तिथे साधारण दोन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरा. म्हणजे ९९ रुपयांवर सव्वादोन-अडीच रुपये जातात, पण फाइल आपोआप पोहोचते, रात्री जागावे लागत नाही. आखाती देशांतले आपले लोक हेही मोठे गिऱ्हाईक आहे. सौदी, यूएई, कतार, ओमान इथल्या अनिवासी भारतीयांना एनआरई किंवा एनआरओ खाते असेल तर तिथल्या मोबाइल नंबरवरून यूपीआय वापरता येते. ॲमेझॉनच्या किंडलवरही मराठी पुस्तक प्रकाशित करता येते. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के असते, पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट नावाची योजना घ्यावी लागते आणि मग ९० दिवस तीच डिजिटल पुस्तिका दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. अट वाचून मगच बटण दाबावे.

काही जण विचारतील की एवढी खटपट करण्यापेक्षा मजकूर फुकट ठेवून जाहिरातींतून का कमवू नये? गुगलच्या ॲडसेन्समध्ये १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, आणि मराठीत थोड्या वाचकांवर तेवढे जमायला फार काळ लागतो. शिवाय आपल्या मजकुराशेजारी व्याजी कर्जाची, जुगाराच्या खेळाची जाहिरात कधी येऊन बसेल याचा नेम नाही. काही प्रकार बंद करण्याची सोय आहे, तरी सगळ्यावर आपला ताबा राहत नाही. स्वतःचा माल विकताना हा प्रश्नच येत नाही.

किती मिळेल?

खोटी आशा दाखवणारे पुष्कळ आहेत, म्हणून सरळ हिशोब मांडते. समजा तुमचे काम आवडणाऱ्या ५०० बायका व्हॉट्सॲपवर जोडलेल्या आहेत आणि शंभरातल्या दोघींनी घेतली. दहा प्रती झाल्या, ९९० रुपये आले. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ च लोक बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो, हेही लक्षात घ्या. पहिल्या महिन्यात नातेवाईक फुकट मागतील. त्यांना खुशाल द्यावी. वर्षभरात अशा चार-पाच पुस्तिका झाल्या, ओळख वाढली, तर महिन्याला ४० प्रती विकल्या जाणे अशक्य नाही. म्हणजे ३,९६० रुपये. विजेचे बिल, ट्यूशनची फी, अम्मीची औषधे. यावर घर चालणार नाही, पण घरात हातभार लागतो, आणि तोही कोणापुढे हात न पसरता. जो महिन्याला लाखाची भाषा करतो तो बहुधा पुस्तिका विकत नसतो, तुम्हाला स्वप्न विकत असतो. ‘हा कोर्स घ्या आणि हाच कोर्स पुढे विकून कमिशन कमवा’ अशा साखळ्यांत आपल्या कितीतरी मुलांचे पैसे अडकले आहेत. त्यात माहिती नावालाच असते. खरा माल म्हणजे पुढचे गिऱ्हाईक.

किंमत ठरवताना ‘मूळ किंमत ९९९, आज फक्त ९९’ असे खोडलेले आकडे लिहू नयेत. ९९९ ला ती कधी विकलीच नसेल तर ते सरळ खोटे आहे. ‘आज रात्री १२ पर्यंतच’ म्हणून उद्या पुन्हा तेच घड्याळ लावणे हेही त्यातलेच. स्वतःच्या बहिणींकडून खोटे अभिप्राय लिहवून घेण्याची तर फार मोठी रीत पडली आहे. घ्यायचे नसताना नुसता भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला ‘नज्श’ म्हणतात आणि पैगंबरांनी (स.) त्याला मनाई केली आहे. खोटा अभिप्राय म्हणजे मोबाइलवरचा नज्शच म्हणायचा.

पैसे परत मागणारी एखादी येणारच. फाइल परत घेता येत नाही, ती तिच्याकडेच राहणार, मग पैसे का द्यायचे, असे मनात येते. सौदा पस्तावलेल्याला त्यातून मोकळे करणे, म्हणजे ‘इकाला’, हे हदीसमध्ये मोठ्या सवाबाचे काम सांगितले आहे. ९९ रुपयांसाठी वाद घालण्यापेक्षा सात दिवसांची मुदत आधीच जाहीर करावी आणि कारण विचारून पैसे द्यावेत. ते कारण पुढच्या आवृत्तीच्या कामी येते.

दुसऱ्याची फाइल, आपले नाव

‘५,००० पुस्तके फक्त ९९ रुपयांत’ असे गठ्ठे बाजारात फिरतात. त्यातली बहुतेक चोरीची असतात आणि ती पुढे विकणे म्हणजे चोरीचा माल विकणे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि नोंदणी केली नसली तरी राहतो. कुरआनचे किंवा हदीसचे अनुवादही त्यात आले. मूळ अरबी वचने कोणाच्या मालकीची नाहीत, पण अनुवादकाची मेहनत त्याची असते. इंटरनॅशनल इस्लामिक फिकह अकादमीने १९८८ साली कुवेतमधल्या बैठकीत ठराव केला की लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीअतमध्ये मान्य आहेत आणि त्यांवर अतिक्रमण जायज नाही. पदार्थाच्या साहित्याची यादी कोणीही वापरू शकतो. दुसरीचे शब्द आणि फोटो मात्र उचलू नयेत. कॅनव्हावरचे तयार टेम्प्लेट जसेच्या तसे विकायलाही परवानगी नाही.

तुमचीही फाइल फिरेल. कोणीतरी ९९ ला घेऊन ३० जणींच्या ग्रुपवर टाकेल. कुलूप लावण्याचे उपाय आहेत, पण ते प्रामाणिक गिऱ्हाइकालाच जास्त त्रास देतात. पहिल्या पानावर घेणारीचे नाव घालून पाठवणे आणि ‘ही प्रत तुमच्याकडे अमानत आहे’ असे दोन ओळींत लिहिणे एवढे पुरे. वाचकांनीही, ग्रुपवर आलेली विकतची पुस्तिका पुढे ढकलताना क्षणभर बोट थांबवावे. ‘दीनच्या माहितीवर कसला हक्क’ असे म्हणून बेकरीतला पाव आपण फुकट उचलत नाही.

पैसे कोणाचे?

हा प्रश्न घरात नाजूकपणे उठतो, म्हणून स्पष्ट लिहिते. सूरह निसाच्या ३२ व्या आयतीत पुरुषांनी कमावले त्यात त्यांचा हिस्सा आणि स्त्रियांनी कमावले त्यात त्यांचा हिस्सा सांगितला आहे. बीवीची कमाई तिची असते. घरखर्चाची जबाबदारी शौहरवरच राहते, बीवी कमावू लागली म्हणून ती उतरत नाही. तिने खुशीने दिले तर तो सदका. अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्या पत्नी जैनब (रजि.) आपल्या शौहरवर आणि पदरी असलेल्या यतीमांवर खर्च करत. त्यांनी विचारले तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याचा दुहेरी सवाब सांगितला, एक नात्याचा आणि एक सदक्याचा. खाते तिच्या नावाचे असावे, पॅन तिच्या नावाचे असावे, यूपीआय तिच्या मोबाइलवर असावे. विक्रीसाठी चालू खाते उघडले तर त्यावर व्याजही जमत नाही, ते वेगळे काढून ठेवण्याची कटकट वाचते.

हिशोबाला एक साधी वही पुरेल : तारीख, कोणती पुस्तिका, किती आले, शुल्क किती गेले, कोणाला परत दिले. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते, त्यामुळे छोट्या विक्रेतीला तूर्त ती चिंता नाही. आयकराच्या विवरणात मात्र ही कमाई दाखवायची असते. एकदा एखाद्या अकाउंटंटला वही दाखवून घ्यावी. याच वहीतून घेणाऱ्यांची यादी तयार होते. जकातीच्या तक्त्यात एखादा रकाना सुधारला, सांदणाच्या पुस्तिकेत पावसाळ्याचे एक पान वाढवले, की नवी प्रत या यादीतल्या सगळ्यांना पैसे न घेता पाठवावी. रमजानच्या आधी, शाबानमध्ये पाठवली तर उत्तम. तेव्हा लोक यादीच करत बसलेले असतात.